कोमट चाक

१

पोह्यांची दुसरी वाढ बशीत पडली आणि खालून धाडकन आवाज आला. साधासुधा नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. केतकी सोनटक्केचा चमचा हातातच राहिला. टेबलाशी ती, तिचा मित्र निहार चौबळ आणि सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतराव मेश्राम. शेजारी पोह्यांचं पातेलं घेऊन उभी तिची आई, अहिल्याबाई. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जिन्याकडे जी धूम ठोकली, त्यात गुणवंतरावांची एक चप्पल दुसऱ्या मजल्यावरच राहिली.

खाली केतकीची लाल गाडी आपली जागा सोडून उतारावरून मागे घसरत गेली होती आणि बागेच्या कडेचा बाक तिने पार उलथा केला होता. मयूर विहारच्या या वैनगंगा सोसायटीतली म्हातारी मंडळी नऊ वाजले की त्याच बाकावर ऊन खायला बसतात. फेब्रुवारीतलं दिल्लीचं ऊन, ते कोण सोडतंय? अजून नऊ वाजायचे होते म्हणून निभावलं.

गाडीत कोणी नव्हतं, जवळपासही कोणी नव्हतं. दारं कुलूपबंद. काचेतून हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला दिसत होता, आणि तरी गाडी गेली होती.

आता ही गाडी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर केतकीच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. गेले दोन महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस तिने आणि निहारने या गाडीच्या मागच्या चाकांत घालवला होता. कंपनीने मागे ड्रम ब्रेक दिले होते. ड्रम म्हणजे झाकणबंद डबा. आतले दोन शूज, म्हणजे कमानदार पट्ट्या, बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून दाबून थांबवतात. केतकीला तिथे डिस्क हवी होती, म्हणजे उघडी लोखंडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. त्याच मॉडेलच्या वरच्या गाडीला मागे डिस्क येते, तेव्हा ते भाग हुडकत दोघांनी काश्मिरी गेटच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. नळ्या बदलल्या, हँडब्रेकच्या केबल बदलल्या, ब्रेकमधली हवा काढता काढता अंगठे दुखून आले. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा केतकी उड्या मारत जिना चढली होती. ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर रविवारी हौशी लोकांची स्पर्धा होती, नाव तिचं लागलं होतं, आणि शनिवारी, म्हणजे आजच, चार वाजता गाडीची तपासणी होती.

आणि आज सकाळी हे.

गुणवंतरावांनी आधी चप्पल आणवली आणि मग निकाल दिला. घरगुती ब्रेकांचा हा परिणाम, सोसायटीच्या आवारात असले प्रयोग चालायचे नाहीत, ही गाडी पहिल्यासारखी होईस्तोवर गेटबाहेर जाणार नाही. केतकीने त्यांचं बोलणं धड ऐकलंही नाही. ती आईकडे बघत होती. अहिल्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केतकी, काल शब्द दिलायस तू," त्या एवढंच म्हणाल्या.

शब्द दिला होता खरा. स्पर्धेच्या आधी हे ब्रेक एकदा जरी फसले, तरी नाव मागे घेईन आणि डिस्क उतरवून पुन्हा ड्रम बसवीन, असा. वडील बदलीवर मुंबईत, त्यामुळे घरात हो-नाही म्हणणारी आईच. ती हो म्हणावी म्हणून केतकीने तो शब्द दिला होता आणि दिल्यावर खुशाल झोपली होती.

केतकीने काचेला नाक लावून पुन्हा आत पाहिलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती. काल तिने ती पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला होता. ठोकळा आता भिंतीशी नीट उभा करून ठेवलेला होता.

२

"बाजूला व्हा रे सगळे. आणि त्या पोच्याकडे बघणं बंद करा, तो कुठे पळून जात नाही."

विनया भिंगारदिवे शाल सावरत आल्या. मागच्या विंगमध्ये राहायच्या. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात उभी नोकरी गेलेली. कोण खोटं बोलतंय, मालक का ड्रायव्हर का गाडी, हे ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. अहिल्याबाईंची आणि त्यांची दोस्ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सपासूनची, म्हणून केतकीला त्या विनयामावशी.

केतकीने गिअरचं आणि ठोकळ्याचं सांगितलं. गुणवंतराव म्हणाले, मुलगी हर्षवायूने विसरली असेल, काल पाय जमिनीवर होते कुठे हिचे? केतकीला तेही खरं वाटायला लागलं. आनंदाच्या भरात माणूस काय काय विसरतो. आपणच तर नाही ना विसरलो? नुसत्या विचाराने तिला रडू फुटायची वेळ आली.

मावशींनी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. गुणवंतराव लगेच म्हणाले, उन्हात आहे मॅडम, तापणारच. मावशींनी मान डोलावली, ते बरोबर होतं. मग गुडघ्याला शिव्या घालत त्या मागच्या चाकाशी बसल्या. ही बाजू बाकाच्या आणि झाडाच्या सावलीत होती. चाकाच्या आऱ्यांतून बोटं आत घालून त्यांनी हाताची मागची बाजू डिस्कपाशी नेली आणि तशाच थांबल्या. मग पलीकडच्या चाकाशी जाऊन तेच केलं.

"केतकी, ही गाडी काल संध्याकाळपासून जागची हलली नाही म्हणतेस ना?"

"नाही हलली, मावशी."

"मग हिची चाकं कोमट का?"

केतकीने वाकून स्वतः हात लावला. खरंच, थंडीत हातात धरलेल्या चहाच्या रिकाम्या कपासारखी ऊब होती. आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली, जी रडू आवरण्याच्या नादात तिच्या नजरेतून सुटली होती. नव्या डिस्कवर कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेघा असतात. काल संध्याकाळी त्या रेघांवरून तिने कौतुकाने बोट फिरवलं होतं. आज त्या दिसत नव्हत्या. दोन्ही तबकड्यांवर एकसारखा, गुळगुळीत राखाडी थर चढला होता.

कोणीतरी गाडी नेली होती. नुसती नेली नव्हती, नवे पॅड डिस्कवर घासून बसवले होते.

३

पॅड बसवणं म्हणजे काय, ते मावशींना माहीत होतंच. तरी त्यांनी केतकीला आपल्या घरी नेऊन काल रात्री जेवताना काय काय बोलणं झालं ते सगळं सांगायला लावलं. अगदी कोण काय खात होतं तेसुद्धा. केतकीची नजर सारखी घड्याळाकडे. मावशी म्हणाल्या, चारला पुष्कळ अवकाश आहे, तू सांग.

तर झालं होतं असं. गुणवंतराव ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार घेऊन आले होते. अहिल्याबाईंनी त्यांना जेवायलाच बसवलं, आणि भरल्या वांग्यांपुढे तक्रार बरीच मवाळ झाली. निहार होताच. केतकीने मोबाईल काढून नव्या पॅडच्या सूचना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. कोणाला ऐकायच्या होत्या असं नाही, पण तिला राहवत नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी साठाच्या वेगाला न्यायची, ब्रेक दाबून दहापर्यंत आणायची, पण पुरती थांबवायची नाही, लगेच पुन्हा वेग घ्यायचा. असं पुन्हा पुन्हा केलं, याला बेडिंग म्हणतात, की पॅडचा थर डिस्कवर एकसारखा चढतो आणि ब्रेक खरा पकडायला लागतो. शनिवारी सकाळी पोहे खाऊन हे करायला जायचं, असं तिचं आणि निहारचं ठरलं होतं.

"आई काय म्हणाली?"

"आई काय म्हणणार? तिला गाड्यांचा तिटकारा आहे. थर चढण्यापर्यंतचं ऐकून घेतलं बिचारीने, मग गरम पोळ्या आणायला उठून स्वयंपाकघरात गेली."

त्यानंतर वाचलेल्या शेवटच्या सूचनेवरून गुणवंतरावांनी वाद घातला होता. ती हँडब्रेकबद्दल होती. डिस्क तापलेली असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नये, आधी सावकाश चालवून थंड होऊ द्यावी. गुणवंतराव म्हणाले, काहीतरीच काय, ब्रेक तो ब्रेक. निहारने त्यांना आमटीच्या वाट्या एकात एक घालून काहीबाही समजावलं, ते त्यांना पटलं, पण टेबलक्लॉथवर आमटी सांडली. तेवढ्यात आई पोळ्या घेऊन आली, डाग पाहून निहारला ओरडली आणि विषय बदलला. मग आईने शब्द मागितला, केतकीने दिला.

मावशींनी आज सकाळचंही विचारलं. सकाळी काही विशेष नव्हतं. निहार गाल फुगवून बसला होता, पोहे चिवडत होता. आईचा मूड मात्र भलताच छान, गुणगुणत होती, पोह्यांवर खोबरं सढळ हाताने. गुणवंतरावांना पोह्यांची लालूच पुरते, ते वेळेआधीच हजर झाले होते.

"म्हणजे आवाज झाला तेव्हा तुम्ही चौघं एका खोलीत होतात. आणि किल्ली?"

एक किल्ली दाराजवळच्या खुंटीला, दुसरी द्वारकाच्या केबिनमध्ये. द्वारका हा गेटवरचा गार्ड. सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, कारण एकामागे एक लावलेल्या गाड्या तोच मागेपुढे करतो. गाडी धडकली तेव्हा तो गेटवर दूधवाल्याशी बोलत होता, हे अख्ख्या विंगने पाहिलं होतं.

म्हणजे झाली का पंचाईत. गाडी सुटली त्या क्षणी तिच्या जवळ एकही माणूस नव्हता.

मावशी शालीचा गोंडा बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "चल, आधी द्वारकाला विचारू. गेटमधून गाडी उडत तर गेली नसेल."

४

द्वारकाला विचारलं तर तो केतकीकडे बघून गप्पच बसला. मावशींनी पुन्हा विचारलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात केतकीलाच म्हणाला, "दीदी, आप ही तो ले गई थीं."

केतकी उडालीच. आपण? ती तर पोह्यांच्या फोडणीचा वास येईपर्यंत पांघरुणात होती.

द्वारकाने सांगितलं ते असं. उजाडता उजाडता गाडी गेटवर आली. काचांवर दव, वर चढवलेल्या. आत कोणीतरी हेल्मेट घालून बसलेलं. केतकीचं शर्यतीचं पांढरं हेल्मेट तो ओळखत होता, तिने हौसेने साऱ्या सोसायटीला दाखवलं होतं. त्याने सलाम ठोकला, गेट उघडलं. बऱ्याच वेळाने गाडी परत आली, उतारावर आपल्या जागी लागली. तो तेव्हा पाण्याच्या मोटरकडे गेला होता, उतरताना कोण होतं ते पाहिलं नाही. मग गाडी धडकली आणि सगळे ओरडायला लागले तेव्हा त्याला वाटलं, दीदीच्या हातून चूक झाली असणार, आपण कशाला तोंड उघडायचं? त्याने आपल्या परीने तिला पाठीशी घातलं होतं.

मावशींनी त्याला एकच विचारलं, की तो स्वतः उतारावर गाडी लावतो तेव्हा काय करतो. द्वारकाने मुळी उत्तर दिलंच नाही, नुसतं बोट दाखवलं. उतारावर त्याने हलवलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकामागे एकेक वीट होती.

गुणवंतराव मागे येऊन उभे राहिले होते, ते कोणाला कळलं नव्हतं. द्वारकाचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता विजय मावत नव्हता. बघा, म्हणाले, गाडी हिनेच नेली, हिनेच निष्काळजीपणे लावली आणि आता सर्व्हेअर बाईंना घेऊन चोर शोधत फिरतेय. संध्याकाळी कमिटीची मीटिंग लावतो म्हणून ते तरातरा निघून गेले.

केतकीने मावशींचा हात घट्ट धरला. माझ्यावर विश्वास आहे ना, असं तिने विचारलं.

मावशी म्हणाल्या, "अगं, साध्या रस्त्यावर गाडीत हेल्मेट घालून कोण बसतं? एक शर्यतीचं वेड लागलेला, नाहीतर जीव मुठीत धरून निघालेला. चल, आधी वेड लागलेल्याकडे जाऊ."

५

निहार त्याच सोसायटीत दोन विंग सोडून राहायचा, नोएडात आयटीत कामाला. केतकीला काही झालं तर गाडी चालवायला राखीव म्हणून त्याचंच नाव लागलेलं. दार उघडलं तेव्हा त्याच्या बोटांना राखाडी भुकटी होती. ब्रेकच्या पॅडची भुकटी असते तशीच. केतकीला वाटलं, सापडला, आणि लगेच तिचं मन खचलंही. याने न सांगता गाडी न्यावी? दोन महिने खांद्याला खांदा लावून काम केलं, आणि याने?

मावशींनी बोटांकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं, आणि त्याचे गाल पुन्हा फुगले. तो मावशींशी बोललाच नाही. सरळ केतकीला म्हणाला, "मलाच विचार तू. मला न घेता गेलीस ना पॅड बसवायला?"

मग भडभडा सगळं बाहेर पडलं. त्याला रात्रभर धड झोप नव्हती. उजाडल्यावर तो गाडी बघायला खाली उतरला, नुसती बघायला, आणि जागेवर गाडीच नाही. फक्त लाकडी ठोकळा भिंतीशी उभा. त्याला वाटलं, केतकी एकटीच गेली. दोन महिने राबलो आणि पहिल्या फेरीला आपण नाही. तो वर जाऊन उशीत डोकं खुपसून पडला. पोह्यांना आला तो केवळ काकूंसाठी. नंतर गडबडीत सगळे बाकाभोवती असताना त्याने चाकात बोट फिरवून पाहिलं, तेव्हा थर चढलेला कळला. भुकटी तिथली. तरी बोलला नाही, म्हणे, तुझं तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.

केतकीला हसावं की त्याच्या डोक्यात टपली मारावी ते कळेना. द्वारका गप्प कारण त्याला वाटलं केतकी, हा रुसला कारण यालाही वाटलं केतकी. सगळं जग तिलाच गाडीत बसवून मोकळं झालं होतं.

मावशींनी त्याला विचारलं, काल त्या वाट्या एकात एक घालून गुणवंतरावांना काय समजावत होतास? निहारने पुन्हा समजावलं, या वेळी आमटीशिवाय. केतकीला हे ठाऊक होतं, तिनेच त्याला शिकवलं होतं. पण मावशींचा चेहरा बघता बघता उजळला आणि मग एकाएकी त्या गंभीर झाल्या. बराच वेळ त्या खिडकीतून केतकीच्या घराच्या गॅलरीकडे बघत होत्या.

"गुणवंतरावांना घेऊन तुमच्या घरी या दोघं," त्या म्हणाल्या. "आणि केतकी, काहीही ऐकलंस तरी रागावायचं नाही. ऐकून घ्यायचं."

६

बैठकीत गुणवंतराव खुर्चीच्या टोकावर बसले, मीटिंगची नोटीस खिशात घालूनच. अहिल्याबाई आतल्या दाराशी उभ्या. मावशींनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

मावशींनी सुरुवात केली ती गुणवंतरावांना पटवण्यापासून. चाकं कोमट होती, म्हणजे गाडी नेली गेली. डिस्कवर एकसारखा थर होता, म्हणजे नेणाऱ्याने साठावरून दहावर आणण्याचं काम अगदी सांगितल्याप्रमाणे, मन लावून केलं होतं. ही पद्धत ज्याने काल टेबलावर ऐकली त्यालाच माहीत. द्वारका टेबलावर नव्हता आणि तो असता तर चाकामागे वीट असती. राहिले चौघं.

"पण मॅडम," गुणवंतराव म्हणाले, "गाडी घसरली तेव्हा आम्ही चौघंही इथे पोहे खात होतो."

"तेच तर. गाडी घसरली तेव्हा कोण कुठे होतं याला काही अर्थच नाही. ती सोडली होती त्याच्या खूप आधी."

आणि त्यांनी सांगितलं. लोखंड तापलं की फुगतं. जोरात ब्रेक दाबून आणलेली गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला, की पॅड त्या फुगलेल्या तबकडीला धरतात. त्या वेळी गाडी घट्ट उभी राहते, उतारावरसुद्धा. माणूस निर्धास्त होऊन वर जातो, चहा टाकतो, कांदे चिरतो. इकडे थंडीत तबकडी निवते, आकसते, पॅडची पकड ढिली पडत जाते. आणि गाडी गिअरमध्ये नसेल, मागे ठोकळा नसेल, तर एका क्षणी ती हळूच निघते.

"ड्रमचं बरोबर उलटं," निहारला राहवेना. "ड्रम निवताना शूजवर आणखी आवळतो. ड्रमवाल्याला ही भीती कधी वाटतच नाही."

"ड्रमवाल्याला," मावशी म्हणाल्या. "आता बघा. हे कोणाला माहीत होतं? केतकीला, तिने वाचलं. निहारला, त्याने समजावलं. गुणवंतराव, तुम्हाला, तुम्ही तर त्यावरून भांडलात आणि मग मान्य केलंत. या तिघांपैकी कोणी गाडी नेली असती तर तापल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून उतारावर ठेवली नसती. नेणाऱ्याने आधीच्या सगळ्या सूचना ऐकल्या होत्या आणि शेवटची ऐकली नव्हती. कारण तेव्हा ते माणूस गरम पोळ्या आणायला उठलं होतं."

केतकीने मान वळवली. अहिल्याबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मावशींचा आवाज मऊ झाला. "न्यूट्रल पाहिलं ना अहिल्या, तेव्हाच मला आपलं आर. के. पुरम आठवलं. तिथे गाड्या एकीला एक चिकटून लावायच्या आणि न्यूट्रलमध्ये सोडायच्या, सकाळी ज्याला निघायचं तो ढकलून वाट काढायचा. गिअरमध्ये ठेवणाऱ्याशी कोणी आठवडाभर बोलायचं नाही. हात विसरत नाही गं."

"मीच नेली होती," अहिल्याबाई म्हणाल्या.

७

केतकीला एवढंच माहीत होतं की आईने गाडी चालवणं सोडलं ते डोळ्यांना दिव्यांचा त्रास होतो म्हणून. खरं कारण आज पहिल्यांदा निघालं. केतकी लहान होती, मागच्या सीटवर झोपलेली. ऑफिसनंतर पाळणाघरातून तिला घेऊन येताना एका पुलाखाली पाणी तुंबलेलं होतं. अहिल्याबाईंनी त्यातून गाडी काढली आणि पलीकडे ब्रेक दाबला, तर ब्रेक लागेचना. ड्रममध्ये पाणी शिरलं होतं. समोर माणसं रस्ता ओलांडत होती. गाडी कशीबशी कठड्याला घासून थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. केतकी जागीसुद्धा झाली नाही. त्या दिवसापासून अहिल्याबाईंनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. लायसन्स मात्र दर वेळी मुकाट्याने रिन्यू करत राहिल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तू उद्या त्या गाडीतून शंभराच्या वर जाणार," त्या केतकीला म्हणाल्या. "मला झोप लागेना. म्हटलं, तुझ्या आधी मी दाबून बघते. फसला तर माझ्या हाताखाली फसू दे."

म्हणूनच हेल्मेट घातलं होतं. एक्सप्रेस-वेला लागल्या. पहिल्यांदा ब्रेक दाबला आणि गाडी अशी थांबायला आली, की त्यांना रडूच आलं. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. नंतर, हे सांगताना अहिल्याबाई लाजल्या, नंतर त्या चक्क गाणं म्हणायला लागल्या. हेल्मेटच्या आत. परतताना मुद्दाम लांबून आल्या.

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"सांगणार होते, पोहे झाल्यावर. सगळ्यांसमोर. आणि तेवढ्यात..." त्यांनी डावा हात पुढे केला. "हँडब्रेक मी स्वतः ओढला होता, केतकी. ह्या हाताने. म्हणजे तो फसला हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. मी नेली म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बाईची चूक, ब्रेक ठीक आहेत, आणि तू उद्या निघाली असतीस. मी गप्प बसले की तू जाणार नव्हतीस. मला तू हवी होतीस, बाकी कोण मला काय म्हणेल त्याचं काय."

केतकीला राग यायला हवा होता. पण उगवतीला पांढरं हेल्मेट घालून गाणं म्हणत चाललेली आई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती उठली आणि आईच्या गळ्यात पडली. निहार आढ्याकडे बघायला लागला.

"पण तो फसलाच नव्हता, अहिल्या," मावशी म्हणाल्या. "तू तुझ्या जुन्या सवयीने ओढलास, आणि तोही तापलेला असताना. उठा सगळे, दाखवते."

गाडी पुन्हा उतारावर आणली. चाकं आता गार होती. मावशींनी अहिल्याबाईंनाच आत बसवलं, न्यूट्रल करायला लावलं आणि हँडब्रेक पूर्ण ओढायला सांगितला. मग गुणवंतरावांना म्हणाल्या, ढकला. गुणवंतराव कमिटीच्या इभ्रतीला जागून बॉनेटला भिडले. निहार भिडला, द्वारका भिडला. तिघांची तोंडं लाल झाली, पण गाडी तसूभर हलली नाही. तासभर ती तशीच उभी ठेवली, मागे कोणाला फिरकू दिलं नाही, तरी ती जागची सरकली नाही. गुणवंतरावांनी घाम पुसला, खिशातली नोटीस काढून त्यानेच हात पुसले आणि बाक दुरुस्त करून रंगवून द्यायचा एवढ्यावर प्रकरण मिटवलं. रंग हिरवाच हवा, एवढं मात्र बजावलं.

घड्याळाकडे पाहून केतकी किल्लीसाठी धावली, तर खुंटी रिकामी. किल्ली आईच्या हातात होती.

"ट्रॅकपर्यंत मी नेते," अहिल्याबाई म्हणाल्या. "आत तू चालव. बाहेरची माझी."

पोचा पडलेली बंपरची कड निहारने टेपने चिकटवली. रस्ताभर तो मागच्या सीटवरून सूचना देत होता आणि अहिल्याबाई त्याला गप्प बसवत होत्या. केतकी बाजूला बसून आईच्या हातांकडे बघत होती. इतके भरवशाचे हात होते हे, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

चारच्या आत ते पोचले. तपासणीला आलेला सरदारजी अभियंता टॉर्च घेऊन चाकांशी बसला. पुढची पाहिली, मग मागची. मागे तो बराच वेळ रेंगाळला. तो उठला, पँट झटकली आणि निहारकडे वळला.

"बेडिंग किसने की है? ऐसी बराबर लेयर हमारे लड़कों से नहीं चढ़ती."

निहारने केतकीकडे पाहिलं. केतकीने मागे बोट दाखवलं.

"मेरी माँ ने," ती म्हणाली, आणि आवाज खाली ठेवायचा राहून गेला, चार गाड्या पलीकडची माणसंही वळून बघायला लागली.

अहिल्याबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या गाडीत वाकून पहिला गिअर टाकत होत्या. मग उतरल्या, डिकीतून लाकडी ठोकळा काढला आणि मागच्या चाकाला लावून पायाने नीट दाबला.